पंक्तिप्रपंच

'पंक्ती' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कवितेची ओळ ही पंक्ती आणि जेवायला बसलेल्या माणसांची रांग हीही पंक्तीच. दुसऱ्या अर्थासाठी मराठीने 'पंगत' असा सुटसुटीत शब्द घडवून घेतला. पण त्या पंगतीत चालणाऱ्या भेदभावाला मात्र 'पंक्तिप्रपंच' हे भारदस्त संस्कृत नावच राहू दिले. एकाच्या पानावर तुपाची धार धरायची आणि शेजारच्याला कोरडे वाढायचे, हा यजमानाचा दोष म्हणजे पंक्तिप्रपंच. शब्दाचा रूढ अर्थ एवढाच. परंतु पंगतीत मुळात कोणाला बसता येते, शिजवणारा हात कोणाचा असतो आणि पानात उरलेले कोणाच्या टोपलीत जाते, हे प्रश्न विचारले की हा छोटासा शब्द भारतीय समाजाच्या इतिहासाचे एक मोठे दालन उघडतो.

अन्नाशी माणसाचे नाते निरोगी असावे, असे आज वैद्यक आणि मानसशास्त्र आग्रहाने सांगते. खाताना भीती वाटू नये, अन्नाची किळस येऊ नये आणि खाल्ल्यावर अपराधी वाटू नये, अशी त्या नात्याची साधी लक्षणे सांगता येतील. हा विचार प्रायः एकट्या व्यक्तीच्या मनाचा म्हणून मांडला जातो. आपल्याकडे मात्र या तिन्ही भावना फार जुन्या आहेत आणि त्या व्यक्तीच्या नसून समूहाच्या आहेत. बाटण्याची भीती, परक्या हाताची किळस आणि प्रायश्चित्ताने फेडावयाचा अपराध ही आपल्या स्वयंपाकघराची त्रिसूत्रीच होती. आजार पोटाचा नव्हता, पंगतीचा होता. तो दूर करण्याचे जे प्रयत्न एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत झाले, त्यांचा मागोवा सामाजिक इतिहासाइतकाच साहित्यातही घ्यावा लागतो; कारण पानावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे ठरावांच्या नोंदींतून कळत नाही.

या व्यवस्थेचे व्याकरण बारकाईने बांधलेले होते. उत्तरेत पाण्यात शिजवलेले अन्न 'कच्चे' आणि तुपात तळलेले 'पक्के' मानले जाई. कच्चे अन्न फक्त आपल्या किंवा वरच्या जातीच्या हातचे चाले. पक्क्याला थोडी सवलत असे. म्हणजे भात आणि पुरी यांतील फरक हा चवीचा राहत नसून सामाजिक अंतराचा होत असे. महाराष्ट्रात सोवळ्या-ओवळ्याने हेच काम केले. या व्याकरणाचा सर्वांत मोठा भार घरातल्या स्त्रीवर पडला. ज्या हातांनी घरभराचे अन्न शिजे, तेच हात महिन्यातून काही दिवस अस्पृश्य ठरत. वैधव्य आले की तिचे जेवण एकवेळेवर येई. एरवीही तिचे पान सर्वांत शेवटी, अनेकदा नवऱ्याच्या उष्ट्या पानावर. राससुंदरी देवींचे 'आमार जीबन' हे एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्र बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. घरच्या रामरगाड्यात आणि पाहुण्यांच्या सरबराईत स्वतःचा घास कसा राहून जाई, हे त्यांनी कोणावरही आरोप न करता त्यात नोंदवले आहे. पोथीचे पान स्वयंपाकघरात लपवून त्या चोरून वाचायला शिकल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच स्वयंपाकघरात त्या उपाशी राहत होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

परंपरेत या व्यवस्थेला छेद देणाऱ्या जागा नव्हत्या असे नाही. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांच्या हातून घेण्यात विटाळ मानला जात नाही. बाराव्या शतकातील शरणांनी दासोहाची कल्पना मांडली. शीख गुरूंनी लंगराला धर्माचरणाचे अंग बनवले. तेथे शिजवणारा, वाढणारा आणि जेवणारा यांची जात विचारायची नाही, हा दंडक इतर सर्व उदाहरणांपेक्षा अधिक मूलगामी होता. तमिळ प्रदेशात रामलिंग स्वामींनी १८६७ मध्ये वडलूर येथे भुकेलेल्यांसाठी धर्मशाळा उघडली. तिची चूल आजही पेटती आहे. वारकऱ्यांचा गोपाळकाला आपल्या परिचयाचाच आहे. परंतु यांतील बहुतेक जागांना एक कुंपण होते. महाप्रसाद क्षेत्रापुरता आणि काला उत्सवापुरता. वाळवंटात एकमेकांना काला भरवणारे वारकरी गावी परतले की आपापल्या वाड्यावस्त्यांत, आपापल्या पंगतीत बसत. ज्या पुरीत महाप्रसादाचे एवढे माहात्म्य, त्याच पुरीच्या मंदिरात अस्पृश्यांना शतकानुशतके प्रवेश नव्हता. देवासमोर जे चालते ते घरी चालवून घ्यायचे नाही, अशी ही तडजोड होती.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अन्नदान आपल्याकडे सर्वश्रेष्ठ पुण्य मानले गेले. पण दान वरून खाली येते. खालच्याला वाढल्याने वरच्याचे काही बिघडत नाही. उलट पदरी पुण्यच पडते. कसोटी लागते ती घेताना. ज्याला आजवर दिले, त्याच्या हातचे आपण घेऊ शकतो का, हा प्रश्न अन्नदानाच्या सगळ्या माहात्म्यकथांनी टाळला. आधुनिक काळातील सुधारकांचे वेगळेपण हे की त्यांनी नेमका हाच प्रश्न पुढे आणला.

मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस मंडळी ही या दृष्टीने पहिली महत्त्वाची संस्था. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुख प्रेरकांपैकी. मंडळीचा सभासद व्हायचे तर जातिभेद न मानण्याचे नुसते वचन पुरत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. व्याकरणकार दादोबांच्या मंडळीने दीक्षेसाठी पावाचा तुकडा निवडावा, यात मोठे मर्म आहे. विचार जिभेवरून उतरून पोटात गेल्याखेरीज तो पक्का होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण ही मंडळी गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. खाल्लेल्या पावापेक्षा पाव खाल्ल्याची बातमी जड ठरली.

तीस वर्षांनी पुण्यात याच नाट्याचा दुसरा अंक झाला. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. पाहुण्यांपुढे चहा आला. कोणी तो प्यायला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. कार्यक्रम घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापवली आणि शहरात वादळ उठले. ग्रामण्य झाले; प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. बहिष्कारामुळे ज्यांच्या घरांत अडचणी उभ्या राहिल्या होत्या, अशा स्नेह्यांची सुटका व्हावी हा त्यामागील हेतू रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून स्पष्ट होतो. रानड्यांना यात पाप झाले असे वाटत नव्हते. तरीही त्यांनी पापाचे परिमार्जन केले. अपराधीभाव नसताना अपराध कबूल करावा लागणे, ही अन्नाशी जडलेल्या सामाजिक रोगाची सर्वांत करुण अवस्था होय. रमाबाईंच्या लेखनातील तो भाग वाचताना एका कर्तृत्ववान पुरुषाची आणि ते सारे पाहणाऱ्या त्याच्या पत्नीची घुसमट एकाच वेळी जाणवते. एरवी चहाची चव कशी होती, हे या सगळ्या गदारोळात कोणीच लिहिले नाही.

याच गुंत्याला रवींद्रनाथांनी 'गोरा' (१९१०) या कादंबरीत कलारूप दिले. कट्टर आचार पाळणारा गोरा आपल्या आईच्या, आनंदमयीच्या, खोलीत जेवत नाही. कारण तिने लछमिया या ख्रिस्ती दासीला घराबाहेर काढलेले नाही. याच लछमियाने लहानपणी गोराला वाढवलेले असते. ज्या हाताने दूध पाजले त्याच हाताचे पाणी मोठेपणी चालत नाही, ही विसंगती रवींद्रनाथ कोठेही भाष्य न करता मांडतात. शेवटी आपण जन्माने आयरिश आहोत, हे गोराला कळते. ज्या आचारासाठी त्याने आयुष्य पणाला लावले, त्यात त्याला जागाच उरत नाही. तो आईकडे परततो आणि लछमियाला बोलावून तिच्या हातचे पाणी मागतो. एका राष्ट्राची घडण सांगणारी कादंबरी पाण्याच्या पेल्यापाशी संपावी, हे विलक्षण आहे. तथापि एक शंका मागे राहते. गोराला ते पाणी घेता आले, ते त्याची जात गळून पडल्यावर. जात अंगावर असताना त्याला ते घेता आले असते काय?

कादंबरीने मोकळ्या सोडलेल्या या प्रश्नाचे उत्तर काही माणसांनी प्रत्यक्ष जगून दिले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे दुकान काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. पुण्यातील चहाने प्रायश्चित्ते घ्यायला लावली. कोल्हापुरातील चहाने एका माणसाचा व्यवसाय उभा केला. महाराजांनी गंगारामांना द्रव्यसाहाय्य देऊन आपले कर्तव्य संपवले असते तर ते दानच ठरले असते. त्यांनी त्यांच्या हातचा चहा घेतला, म्हणून ते नाते झाले.

कोची संस्थानातील चेराई येथे २९ मे १९१७ रोजी के. अय्यप्पन या तरुण पदवीधराने 'मिश्रभोजन' घडवून आणले. अय्यप्पन ईळव समाजाचे. सवर्णांच्या लेखी ईळव स्वतःच अस्पृश्य. पण तेही आपल्याहून खालच्या मानलेल्या पुलयांना दूर ठेवीत. उतरंडीतील प्रत्येक मडक्याखाली आणखी एक मडके असतेच. अय्यप्पन यांनी मूठभर ईळवांना पुलय मुलांबरोबर एका पंगतीत बसवले. जेवण अगदी साधे होते. भात आणि फणसाच्या आठळ्या व हरभरे घातलेली भाजी. खळबळ मात्र संस्थानभर झाली. स्वजातीयांनी अय्यप्पन यांना बहिष्कृत केले आणि 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवले. ती शिवी त्यांनी बिरुदासारखी मिरवली. त्यांनी काढलेल्या नियतकालिकाचे नाव 'सहोदरन'. 'सहोदर' म्हणजे एका उदरातून जन्मलेले. हेच नाव पुढे त्यांच्या नावामागे कायमचे लागले. उदराचा असा अर्थविस्तार करणारे ते भोजन होते.

सर्वच प्रयत्न असे फळले नाहीत. तमिळनाडूत चेरनमादेवी येथे व्ही. व्ही. एस. अय्यर यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी गुरुकुल चालवले होते. अय्यर हे क्रांतिकारक, तिरुक्कुरळचे इंग्रजी भाषांतरकार, आधुनिक तमिळ कथेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु दोन ब्राह्मण मुलांच्या पालकांनी आपली मुले वेगळी जेवतील असा आग्रह धरला आणि अय्यर यांनी तो मान्य केला. लोकवर्गणीवर चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत दोन पंगती का, असा सवाल पी. वरदराजुलु नायडू आणि ई. व्ही. रामस्वामी यांनी केला. १९२४-२५ मध्ये या वादाने तमिळनाडूचे राजकारण ढवळून निघाले. गांधीजींनी मध्यम मार्ग सुचवला. तो कोणालाच रुचला नाही. जून १९२५ मध्ये पाण्यात पडलेल्या मुलीला वाचवताना अय्यर यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रामस्वामी काँग्रेसबाहेर पडले. त्याला अन्य कारणेही होती. पण त्या दुराव्यात दोन मुलांच्या वेगळ्या पानांचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. चार सुट्या पाटांनी इतिहासाची दिशा बदलण्यास हातभार लावावा, यावरून या प्रश्नाची खोली कळते.

महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी जेवणाच्या मंडपात शिरून अन्नाची नासाडी केली. पाण्यावरचा राग अन्नावर निघाला. चाळीसच्या दशकात अनंत हरी गद्रे यांनी 'झुणकाभाकर सत्यनारायण' सुरू केले. पूजा दलित दांपत्याच्या हातून होई आणि प्रसाद म्हणून शिऱ्याऐवजी झुणका-भाकर वाटली जाई. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर यांचे प्रमाण ठरलेले. ते बाजूला सारून गरिबाच्या चुलीवरचे अन्न देवापुढे ठेवण्यात गद्रे यांनी कर्मकांडाचाच उपयोग कर्मकांडाविरुद्ध केला. मात्र याआधीच, १९३६ मध्ये, जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहभोजनांच्या मर्यादेवर बोट ठेवले होते. एकत्र जेवल्याने जातीची जाणीव मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याहीपलीकडे धर्मशास्त्रांच्या प्रामाण्याला नकार, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते अचूकच होते. वर्षातून एकदा समारंभाने जेवणारे लोक उरलेले दिवस आपापल्या घरी जेवतात, हा अनुभव साऱ्या देशाचा आहे. पण या टीकेचा एक उपसिद्धांतही आहे. समारंभ अपुरा पडतो तो एकदाच होतो म्हणून. किळस ही युक्तिवादाने आलेली नसते, त्यामुळे ती युक्तिवादाने जातही नाही. ती लहानपणी, रोजच्या पानावर, हळूहळू अंगात मुरते. तिला उतारा असेल तर तोही रोजच्या पानावरच शोधावा लागेल.

ही किळस आतून कशी दिसते, हे यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' (१९६५) या कन्नड कादंबरीने दाखवले. आचारभ्रष्ट नारणप्पा मरतो. त्याचे प्रेत अग्रहारात पडून आहे. दहन होईपर्यंत कोणाला जेवता येत नाही आणि दहन कोणी करावे हे ठरत नाही. शास्त्राचा काथ्याकूट चालू असताना पोटे मात्र कळवळत असतात. आयुष्यभर अन्नाची शुद्धता जपणारी माणसे भुकेपुढे किती असहाय होतात, हे लेखक निष्ठुर विनोदाने रंगवतो. पुढे प्राणेशाचार्य सुतकात असूनही मंदिराच्या पंगतीत जाऊन बसतात आणि कोणी ओळखेल काय या धास्तीने त्यांचा घास घशात अडतो. भीती, किळस आणि अपराध या तिन्हींचे एकत्र दर्शन त्या एका पानावर होते. व्यवस्थेच्या शिखरावर बसलेला माणूसही सुखाने जेवू शकत नाही, ही या कादंबरीची मोठी देन आहे.

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला उष्टे उचलणारे हात होते. त्यांची साक्ष दलित आत्मकथनांनी दिली. मराठीत दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) ही वाट रुंद केली. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी आत्मकथनाचे नावच 'जूठन' (१९९७). वऱ्हाड जेवून उठल्यावर पत्रावळींतले उरलेले गोळा करायचे, पुऱ्यांचे तुकडे वाळवून पावसाळ्यासाठी राखायचे, हा त्यांच्या बालपणीचा रिवाज. एका लग्नात लेखकाची आई मुलांसाठी पानभर अन्न मागते. यजमान तिला उष्ट्याने भरलेली टोपली दाखवून पायरी ओळखायला सांगतो. ती टोपली तेथेच उधळून देते आणि त्यानंतर पुन्हा कधीही उष्टे घरी आणत नाही. भुकेल्या घरातील बाईने अन्न उधळले, याला नासाडी म्हणायचे की आरोग्याची सुरुवात, हे वाचकाने ठरवायचे आहे. गोराला घ्यायला शिकावे लागले. या माऊलीला नाकारायला. अन्नाशी नाते सुधारण्याच्या या दोन वाटा वरून आणि खालून येतात, आणि त्या एकमेकींना पूरक आहेत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने याहून पुढचे पाऊल टाकले. जेवणापूर्वी म्हणावयाच्या श्लोकातील कल्पना शीर्षकातच उलटवून त्यांनी मराठवाड्यातील दलितांच्या पाककृती नोंदवल्या. ज्या अन्नाची लाज बाळगायला शिकवले गेले, ते 'आमचे जेवण' म्हणून निःसंकोच लिहून ठेवणे, हीही एक सुटकाच होय.

आज ही पंगत देशातील सर्वांत मोठ्या प्रमाणावर बसते ती सरकारी शाळेच्या ओसरीवर. शाळेत जेवण देण्याची परंपरा तमिळनाडूत जुनी. कामराज यांच्या कारकिर्दीत ती विस्तारली आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिला व्यापक रूप दिले. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले माध्यान्ह भोजन देशभर बंधनकारक केले. एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे. मुलांना एका रांगेत बसवणे पुरेसे नाही. शिजवणारा हात कोणाचा, हा खरा प्रश्न आहे, हे परमहंस मंडळीला कळलेले सत्य दीडशे वर्षांनी न्यायालयीन आदेशात उतरले. त्या आदेशाची गरज संपलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. पंचहौदचा चहा अद्याप निवलेला नाही.

तरीही या ओसरीवरच्या पंगतीत आणि मागच्या सर्व सहभोजनांत एक महत्त्वाचा फरक आहे. ती समारंभाने बसत नाही. तिचे निमंत्रण नसते, तिथे भाषण नसते, वृत्तपत्रात नावे छापून येत नाहीत. शाळा भरली की ती रोज बसते, आणि सहा-सात वर्षांचे मूल भूक लागली म्हणून तिच्यात बसते. त्या वयात किळस अजून मुरलेली नसते. खिचडी वाढणाऱ्या बाईचे आडनाव त्याने विचारलेले नसते. घरून कोणी विचारायला लावले तरच ते विचारते. समोर ताटली आलेली असते, वाफ निघत असते आणि शेजारचा मित्र आधीच खाऊ लागलेला असतो. रानड्यांना, गोराला, प्राणेशाचार्यांना जे साधले नाही किंवा फार उशिरा साधले, ते या मुलाला त्या क्षणी सहज साधते. ते तसेच साधत राहावे, एवढे पाहणे हे आता त्याच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे.